भिंतीवरची गोधडी

कुडपणहून आलेल्या त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महाडला आमच्या महिला मंडळाने हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे मी सगळ्यांना सकाळीच बजावलं होतं. तिला गोधडी विकून पावसाआधी घरावर कौलं घालायची होती, पण दुपार टळली तरी कुणी गोधडीची घडीसुद्धा उलगडली नव्हती.

शेवटी मुंबईच्या एका बाईंना ती आवडली. ‘‘दिवाणखान्यात भिंतीवर टांगीन,’’ त्या म्हणाल्या.

‘‘भिंतीला थंडी वाजते काय, बाई?’’ तिने मला विचारलं. मी डोळे वटारले.

तिने गोधडीचा कोपरा दातांनी उसवला आणि आतून वाळक्या भाकरीचा तुकडा काढला. पांघरणारा उपाशी राहू नये म्हणून त्यांच्याकडे गोधडीत घास शिवतात.

‘‘भिंत काय जेवत नाय,’’ म्हणत तिने तुकडा कनवटीला लावला, कोपरा पुन्हा शिवला आणि गोधडी देऊन टाकली. कौलांची सोय झाली.

पुढच्या प्रदर्शनात मीच गिऱ्हाइकांना विचारू लागले, पांघरायला हवी की टांगायला? टांगायच्याच जास्त खपल्या. कुडपणची बरीच भाकरी वाचली.