वर्तमानपत्राचा फ्रॉक

अण्णांच्या हातात तिथल्या बाईंनी मेणाचा खडू दिला, पुढ्यात पोपटाचं चित्र ठेवलं, आणि माझं डोकंच फिरलं. बनशंकरीतल्या त्या हॉलमध्ये दर शनिवारी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना बसवून चित्रं, मातीकाम असलं काहीबाही करून घेतात. सगळे स्वयंसेवक. अण्णांच्या टेबलाशी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना मी कन्नडमध्ये चांगलंच सुनावलं. म्हटलं, माझे वडील टेलर आहेत, अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवलेत, त्यांना पोपट रंगवायला लावता होय?

बाई चिडल्या नाहीत. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. पुढच्या शनिवारी शिंप्याचा खडू, टेप आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन हजर.

अण्णांनी पेपर पसरला, तळहाताने सुरकुत्या काढल्या, बरोबर मधोमध घडी घातली. खडू हातात आला तशी बोटं आपोआप चालायला लागली. घरी हाच माणूस मला "बाई, पाणी देता का?" असं विचारतो. दोन वर्षं झाली, माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणून तर त्या हातांकडे बघून मला वेडी आशा लागली. काम आठवतंय, तर मीही आठवेन. एकदाच त्यांनी मला ओळखावं, बाकी मला काही नको होतं.

"कुणासाठी शिवताय?" मी विचारलं.

"मुलीसाठी. फ्रॉक. छाती चोवीस, उंची पंचवीस."

टेपला त्यांनी हातही लावला नव्हता. मी दुसरीत होते तेव्हाचं माझं माप ते.

मला राहवलं नाही. "अण्णा, ती मुलगी मीच. बघा तरी माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. माझे पांढरे केस, चष्मा, सगळं नीट बघितलं. मग खडू खाली ठेवला आणि मी हिसकावून घेईन की काय असा तो पेपर छातीशी धरला. "माझी मुलगी लहान आहे," म्हणाले. पुढच्या शनिवारी त्यांनी खडूला बोटसुद्धा लावलं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले होते मी, दुसरं काय.

बाहेर चपला घालताना बाई म्हणाल्या, "आठवण करून देऊ नका, अम्मा. त्यांना विचारा, आणि सांगतील ते ऐका." मला त्यांचाही राग आला. सांगायला काय जातंय ह्यांचं? घरी येऊन भांडी घासता घासता मी पोटभर रडले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी दुकानातली अण्णांची जुनी कात्री सोबत नेली. हॉलमधल्या कात्र्या लहान मुलांच्या, बोथट. कात्री बघून ते हसले आणि कामाला लागले. मी समोर बसून कात्री चालताना बघत होते. मग हळूच विचारलं, "मुलगी कशी आहे तुमची?"

"तापट. नाकावर राग. पण मी घरी आल्याशिवाय जेवत नाही."

मी मान खाली घातली. खरंच जेवत नसे मी.

त्यांनी फ्रॉकची खालची रेघ आखली. तिच्याखाली चार बोटं सोडून आणखी एक आखली आणि कात्री त्या खालच्या रेघेवरून चालवली. "वाढत्या अंगाची आहे," म्हणाले. "पुढच्या वर्षी दुमड उसवली की फ्रॉक लांब होतो."

कापलेल्या फ्रॉकची घडी मांडीवर घेऊन ते दाराकडे बघत बसले. थोड्या वेळाने चुळबुळ सुरू झाली. "शाळा कधीच सुटली असेल. इतका उशीर करत नाही ती." उठायलाच लागले. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"येईल हो," मी म्हटलं. "मी बघितलं तिला. वाटेतच आहे."

"बघितलंत?"

"हो. दप्तर घेऊन येतेय."

ते खाली बसले. जीव भांड्यात पडला त्यांचा. मग शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि म्हणाले, "बसा ना, बाई. आता येईलच, तिला भेटूनच जा."

मी बसले.