हुप्प्या आणि भोयरकाकांचे चणे

वानर पकडायचा पिंजरा सोसायटीच्या गेटमधून आत आला, तेव्हा आई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून व्हरांड्यात बसली होती. आदल्या आठवड्यात ती कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली होती, तेव्हा वानर अंगावर धावून आलं आणि ती जिन्यात पडली.

मी वानरांवरच संशोधन करते. एरवी जंगलात फील्डवर असते. आईसाठी भिलाईला, नेहरू नगरच्या घरी आले होते. सोसायटीचे सेक्रेटरी भोयरकाका, स्टील प्लांटमधले रिटायर्ड फोरमन, लगेच आले.

"वनखात्याचे साहेब म्हणून राहिले, एक्स्पर्टनं हो म्हटलं का हुप्प्याले उचलतो. तू हो म्हण."

हुप्प्या म्हणजे टोळीतला मोठा नर.

"नाही म्हणणार, काका."

"कावून? तुह्याच आईचा हात मोडला ना!"

मी समजावलं. टोळी माद्यांची असते, नर बदलत राहतो. जुना उचलला की नवा येतो, आणि तो बऱ्याचदा तान्ही पिल्लं मारतो. माद्या बिथरतात. त्रास वाढतो.

"आधी मला बघू द्या," मी म्हटलं.

आमच्यात याला 'फोकल' म्हणतात. एकच प्राणी निवडायचा आणि तो काय काय करतो ते बघत बसायचं. मी गच्चीवर उन्हात टाकीच्या आडोशाला बसले. रिकाम्या हातानं आलेल्यांकडे हुप्प्या बघतही नव्हता. दर शनिवारच्या नेमानं भोयरकाका भिजवलेले चणे घेऊन वर आले आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवून हात जोडून गेले. ते संपल्यावर तिथं आईच्या बादलीसारखं हातात काहीही घेऊन येणाऱ्यावर हुप्प्या खाण्यासाठी धावत होता.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. काका लाल झाले.

"देवाले खाऊ घालनं गुन्हा हाय का?"

"ज्याला खाऊ घालता, त्याच्यासाठीच पिंजरा मागवलात, काका."

आई उठली. "हात माहा मोडला. पोरगी म्हणते तसंच करा."

चणे बंद झाले. खाणं तुटलं की वानर आधी जास्त चिडतं. हुप्प्यानं डिश अँटेना मोडली, लोकांनी मला शिव्या दिल्या. साहेबांचा फोन आला, "मॅडम, अजून विचार करा." मी सुट्टी वाढवली. रोज काठी घेऊन गच्चीच्या दारात उभी राहिले. हळूहळू टोळी पुन्हा सोसायटीमागच्या नाल्याकाठच्या झाडांवर राहू लागली. पिंजरा रिकामाच परत गेला. भोयरकाका माझ्याशी अजून मोजकंच बोलतात.

नव्या विद्यार्थ्यांना मी आता आधीच सांगते: वस्तीतल्या वानराचा अभ्यास करायचा, तर त्याला खाऊ घालणारा कोण, ते पहिलं शोधा. आणि तो सेक्रेटरी निघाला, तर सुट्टी जास्त टाका.