सुकडीच्या एका मुठीचा जाब

तारखा आधी लिहितो. तारखेवाचून केलेल्या तक्रारीला आपल्याकडे रडगाणे म्हणतात, आणि मला रडायचे नाही.

बहात्तर सालची घटस्थापना: पत्नीने मला आणि माझ्या आईला दिवस राहिल्याचे सांगितले. त्याच वर्षीचा दसरा: सभासदांनी दोन्ही वेळचे सगळे दूध संस्थेतच घालावे, असा ठराव आमच्या गावच्या दूध संस्थेने केला. कोजागिरी: त्या ठरावावरची सभा. कोजागिरीनंतरचा तिसरा दिवस, सकाळ: दूध केंद्राच्या ओट्यावर सुकडीची मूठ. वसुबारस: आमच्या घरचा पाळणा माळ्यावरच राहिला, तो कायमचा.

जबाबदार इसम असे. एक, संस्थेचे तत्कालीन चेअरमन. दोन, कोजागिरीच्या सभेत हसलेले सभासद. त्यांत माझे चुलत भाऊही आले. तीन, चेअरमनसाहेबांच्या परवाच्या सत्कारात हीच हकीकत रंगवून सांगणारे प्राध्यापक महाशय. या यादीत माझेही नाव हवे असे कोणास वाटल्यास त्याने पुढचे वाचून ते खुशाल घालावे. माझी हरकत नाही.

आता हकीकत.

हैदराबादला वकिलीच्या अभ्यासाचे पहिले वर्ष पुरे करून वडिलांच्या मृत्यूमुळे मी येडशीच्या बाजूच्या आमच्या गावी परतलो आणि जमीन कसू लागलो. लग्न उशिरा झाले. पत्नीला माहेराहूनच संग्रहणी होती. खाल्लेले अंगी लागत नसे, पोट सतत वाहत असे, वेणीचे केस फणीत येत. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. बार्शी झाली, सोलापूर झाले. शेवटी कोणी तरी उस्मानाबादेतल्या एका हकीमसाहेबांचे नाव सांगितले.

हकीमसाहेब मोठे तापट. प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "बेटी, ज्वार बंद, गेहूँ बंद, बाजरी बंद. नांगर आने के पहले आदमी क्या खाता था? गोश्त, अंडा, दूध, पाला, कंद, बोर. वोच खा. नांगर ने तेरा पेट बिगाडा है."

मी विचारले, "याला काही ग्रंथाधार?"

"ग्रंथ बी नांगर के बादच आया, वकीलसाहब," असे म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावले.

हकीमसाहेब बरोबर होते की नव्हते, हा माझ्या दाव्याचा विषय नाही. त्यांची पुष्कळ औषधे मला आजही थोतांड वाटतात. पण घडले ते असे, की धान्य सोडल्यावर तिचे पोट थांबले. हात भरले. विहिरीवरून भरली घागर ती एका दमात आणू लागली. वर्ष उलटले आणि दिवस राहिले.

आई माळकरी. अंडे आणि मटण यांसाठी गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडलेली होती, आणि आई तिकडे पाठ करून बसत असे. दिवस राहिल्याचे कळल्यावर मात्र ती उठून त्या चुलीपाशी गेली.

"दुसऱ्या महिन्यात अंडं? लई उष्ण असतंय ते! दोनदा पोळलीस तरी शहाणपण न्हाय?"

"आत्याबाई, दोन्ही वेळंला म्या भाकरच खाल्ली हुती की. ह्या वेळंला कोंबडीला बघू द्या काय जमतंय का."

आईला हसू आवरले नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्यांना पाणी तीच पाजू लागली. अंड्याला हात मात्र लावत नसे.

नवरात्राचे नऊ दिवस पत्नीचे धान्य न खाणे उपवासात खपून गेले. पंचाईत दसऱ्यानंतर सुरू झाली. ते साल ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको: पाऊस नाही, पीक नाही, मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल दाण्यासाठी माणसे दिवसभर नाला बंडिंगच्या दुष्काळी कामावर माती उपसत होती. अशा सालात एक बाई हकिमाच्या नांगराआधीच्या जेवणापायी भाकरीला हात लावत नाही, हे गावाला पाप वाटले. "लोकाला मिलो मिळंना आन् हिला मटन लागतंय" हे मी माझ्या कानांनी ऐकले. वस्तुस्थिती उलटी होती. चाऱ्यावाचून शेरडेकरडे बाजारात मातीमोलाने जात होती आणि ज्वारी पैसे मोजूनही दिसत नव्हती. त्या वर्षी मांस हे आमचे गरिबीचे खाणे होते. भाकरीच आम्हांला परवडली नसती. पण मूर्खाला वस्तुस्थितीशी काय कर्तव्य?

याहून वाईट गोष्ट घरातली होती. तिला डोहाळे लागले ते भाकरीचेच. शेजारी तव्यावर भाकरी पडली की ती दारात येऊन उभी राही. आई कासावीस होऊन म्हणे, "डोहाळा मोडू नये गं. येक पापुद्रा आणून दिऊ का?" ती मान हलवी. "नगं. वास घेतला, झालं जेवान." एकदा मी तिला अंगणात डोळे मिटून उभी असलेली पाहिले. तव्यावरच्या भाकरीच्या वासावर जगणारी बाई भाकरीला लाथ मारते, असा आरोप पुढे तिच्यावर चारचौघांत झाला, म्हणून हे नोंदवले.

पोट मुख्यतः दुधावर होते. आमची एकच गाय दुभती होती. पेंड संस्थेकडून मिळे, आणि पेंडीवाचून गाय त्या सालात आटणार हे उघड होते. दसऱ्याच्या ठरावात असे होते की जो दूध घरी ठेवील त्याची पेंड बंद. आता संस्थेच्या छापील उपविधींची प्रत माझ्या घरी होती. त्यांत स्वच्छ सूट होती: घरात आजारी, बालक अथवा गरोदर स्त्री असल्यास एक वेळचे दूध सभासदाने राखून ठेवावे. तसा अर्ज मी केला. फक्त कारण लिहिले नाही.

ते लिहिता येत नव्हते. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यापर्यंत दिवस गेल्याचे तोंडाबाहेर काढत नाहीत. तिसऱ्यात घरातल्या घरात, गुपचूप हिरवी चोळी देतात, ती चोरचोळी. त्यानंतर बोलायचे. दोनदा पोळलेल्या बाईला ही रीत खूळ वाटत नव्हती. तिने माझ्याकडून वचन घेतले होते. आईने तुळजापूरहून आणलेला हिरवा खण पेटीत तयार होता. दिवाळीच्या पाडव्याला द्यायचा ठरला होता. तेवढे दिवस मी गप्प राहायचे होते.

कोजागिरीला मारुतीच्या पारावर सभा झाली. आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांसाठी केशर घालून दूध आटवले होते. संस्थेचेच दूध, हे सांगणे न लगे. माझा अर्ज निघाला.

"बोला वकीलसाब," चेअरमन म्हणाले, "सकाळचं दूध घरी कशापायी पायजे?"

"उपविधीत आजारी, बालक आणि गरोदर स्त्री यांना सूट आहे. त्या सुटीत मी बसतो."

"तुमी बसता? व्हय का! तिन्हीतलं नेमकं कोण म्हनायचं तुमी? बाळ तर दिसत न्हाय. आजारी म्हनावं तर सभंत भांडाय आलाव. मंग ऱ्हायलं काय? लिवा हो सेक्रेटरी, सभासदाला दिवस गेल्यात!"

अख्खा पार हसला. कोणी तरी मागून ओरडले, "वकीलसाब, चिंचा धाडून दिऊ का?"

"कारण वैद्यकीय आहे आणि खासगी आहे," मी म्हणालो.

"सहकारात खासगी काय नसतंय," चेअरमन म्हणाले, आणि अर्ज नामंजूर झाला. दावा जिंकून देणारे एक वाक्य माझ्या तोंडात होते, आणि ते माझ्या मालकीचे नव्हते. मी खाली बसलो. केशराचे दूध मला कोणी दिले नाही. दिले असते तर मी ते तिथेच ओतले असते.

सभेतली थट्टा दुसऱ्या दिवशी विहिरीवरच तिच्या कानी गेली.  तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः धार काढली, चरवी कमरेवर घेतली आणि दूध केंद्राकडे निघाली. मी उपविधींची प्रत घेऊन मागे गेलो.

ओट्यावर रांग होती. एका कडेला सुकडीची पोती होती. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या लोकांना वाटायचा, धान्य भाजून-भरडून केलेला गोड खाऊ. तो तिथूनच वाटला जाई. चेअरमन खुर्चीवर होते. ती समोर जाऊन उभी राहिली. गावात वर मान करून न बोललेली बाई रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"ह्यांना न्हाय, मला दिवस गेल्यात. तिसरा लागलाय. आता लिवा."

रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या. एका म्हातारीने तिची दृष्ट काढत कानशिलावर बोटे मोडली.  इथेच गोष्ट संपायला हवी होती. उपविधी पुरा झाला होता. पण हरलेल्या माणसाच्या हातात अधिकार असला की तो काय करतो ते पाहा.

"पोटुशी हाईस म्हंतीस, आन् अन्नाला शिवत न्हाईस," ते म्हणाले. "लोकं दाण्यासाठी मरत्यात आन् हिला नांगराच्या आधीचं जेवान पायजे! अन्नाला लाथ मारनारीला दूध कशाला? ही मूठभर सुकडी हितं खाऊन दाव, समद्यांम्होरं. खाल्लीस तर सकाळचं दूध तुजं. पेंड बी चालू."

मी ओरडलो, की अशी अट घालण्याचा अधिकार कोणत्याही उपविधीत नाही. प्रत उघडून वाचूनही दाखवू लागलो. कोणी ऐकले नाही. तिनेही नाही. ती त्या मुठीकडे पाहत होती. भाजलेल्या धान्याचा आणि गुळाचा वास येत होता. तिच्या चेहऱ्यावर मला अपमान शोधूनही सापडला नाही, भूक दिसली. दीड वर्षाची. तिने हात पुढे केला, चेअरमनांनी तळहातावर मूठ रिकामी केली, आणि ती सगळी सुकडी तिने तिथे, उभ्याउभ्या खाल्ली. तळहातसुद्धा चाटला.

"झालं? आता दूध माजं," असे म्हणून तिने चरवी उचलली.

चेअरमनांनी शब्द पाळला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सकाळचे दूध आमच्याकडे राहू लागले, पेंडही आली. पण त्याच दिवसापासून तिचे पोट पुन्हा वाहू लागले. पाण्याचा घोटही ठरत नव्हता. चरवीतले दूध आई वासराला पाजत होती. वसुबारसेच्या सकाळी, आई गायवासराला ओवाळायला उठली तेव्हा, सगळे संपलेले होते. पाडव्याला आईने पेटीतला हिरवा खण काढला, बराच वेळ मांडीवर धरून बसली आणि परत ठेवला. त्यानंतर आमच्याकडे दिवस राहिले नाहीत.

त्या मुठीमुळेच ते गेले, असे मी म्हणत नाही. आधीचे दोन सुकडीवाचूनच गेले होते, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: काय खावे नि काय खाऊ नये हे तिचे पोट आणि ती ठरवत होती, आणि ते पोट चारचौघांत उघडे पाडून तिला खायला लावण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. तशी तक्रार मी त्याच महिन्यात वरच्या कार्यालयाकडे केली. उत्तर आले, की विषय संस्थेच्या अंतर्गत कारभाराचा असल्याने अर्ज दप्तरी दाखल केला आहे. मी पुन्हा लिहिले. ते पुन्हा दप्तरी दाखल झाले. पुढे मी पत्नीच्या सांगण्यावरून थांबलो.

आज लेखणी उचलली ती परवाच्या सत्कारामुळे. चेअरमनसाहेबांची षष्ट्यब्दी मंडप घालून झाली. आता त्यांचे नाव तालुक्यात मोठे आहे. आम्हांलाही निमंत्रण होते. पत्नी बायकांच्या बाजूला बसली होती. प्राध्यापक महाशय बोलायला उठले आणि दुष्काळातल्या साहेबांच्या मातृहृदयाची आठवण सांगू लागले. एक हट्टी भगिनी, म्हणे, कोणा हकिमाच्या नादी लागून अन्न वर्ज्य करून बसली होती, पोटात जीव. साहेबांनी भर दूध केंद्रात आपल्या हाताने तिला घास भरवला. "आणि मंडळी," महाशय म्हणाले, "पुढे त्या घरी गोंडस बाळ खेळले!" मंडपाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात जोडून त्या स्वीकारल्या. मान हलवून एकदाही नाही म्हणाले नाहीत.

 परतताना बैलगाडीत, गावाची शीव आली तेव्हा, ती म्हणाली, "बाळ कुठाय, इचारा की त्यास्नी."

म्हणून हे जाहीर विचारणे आहे. चेअरमनसाहेब, ज्या बाळाच्या टाळ्या आपण हात जोडून घेतल्या ते बाळ कुठे आहे? उत्तर मला पत्राने पाठवू नये. ते मी दप्तरी दाखल करीन. येत्या कोजागिरीला, त्याच मारुतीच्या पारावर, त्याच गावासमोर उभे राहून, आपण ते माझ्या पत्नीला द्यावे. ती येऊन बसेल. उत्तर नसेल, तर 'नाही' एवढा एकच शब्द मोठ्याने, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा, उच्चारावा.