नकाशावर ठेवलेलं बोट

चहा घ्या. पण एक सांगून ठेवतो, घोट गिळल्याशिवाय पुढचं ऐकू नका. मागं हीच गोष्ट सांगताना एकाच्या नाकातनं चहा आला होता आणि माझी चटई खराब झाली होती. शहाण्या माणसाच्या हातनं असला गाढवपणा होत नाही. त्यासाठी माझ्यासारखाच लागतो.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी गिरणीतनं निवृत्त. कारभारीण जाऊन चार वर्षं झालेली. पोरगा भिवंडीला. महिन्याला एक कार्ड यायचं, 'बाकी ठीक.' बाकी म्हणजे काय, ते आजवर कळलं नाही. दोन खोल्या, एक खाट, एक तांब्या आणि मी.

आणि भिंतीपलीकडं नरसय्या.

नरसय्या म्हणजे तेलुगू विणकर. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या खोलीत बायको लक्ष्मव्वा आणि संसार. सकाळी सहाला माग सुरू. खटाक-खटाक, खटाक-खटाक! आमची भिंत एकच. आता तुम्ही म्हणाल, आवाज असा असून किती असणार? अहो, माझा तांब्या चालायचा! सकाळी फळीच्या ह्या टोकाला ठेवला की संध्याकाळी त्या टोकाला. दोनदा तर खाली उडी घेतली त्यानं.

मी काठी घ्यायचो आणि भिंतीवर तीनदा हाणायचो. माग थांबायचे. मग पलीकडनं हाक, "काय वो तात्या! जिवंत हाय न्हवं?"

"तुला पोचवल्याबिगर जात न्हाय!"

"मग लई वर्षं हायती की तुमची!"

की पुन्हा खटाक-खटाक. रोज सकाळी हेच. दिवसभरात मी बोललेलं तेवढंच. बाकी सगळा दिवस तोंड बंद. पण हे तेव्हा ध्यानात कोण घेतो?

कोपऱ्यावरचा पानवाला रशीद मला म्हणायचा, "तात्या, गिरणीमे बत्तीस साल निकाले ना तुम? वहाँ तो हजार माग थे. तब कान दुख्या नै?"

मी म्हणायचो, "तो आवाज माझा होता. हा नरसय्याचा हाय!"

बरोबर का नाही? नाहीच. पण तेव्हा लई बरोबर वाटायचं.

एक दिवस रिक्षाला भोंगा लावून पुकारा झाला. मुन्शिपाल्टीनं ठरवलं होतं, आमची गल्ली आता फक्त राहण्याची. कारखाने, माग, जे काय खटखट करतंय ते सगळं अक्कलकोट रोडला नव्या वसाहतीत. मागवाल्यांना तिकडं प्लॉट. कुणाच्या घरचा त्रास असेल, कुणाची हरकत असेल, त्यानं महिन्याच्या आत अर्ज करावा.

गल्लीत रणकंदन! कोण म्हणे पोटावर पाय आला, कोण म्हणे गल्लीचं सोनं होणार. आमच्या वॉर्डाचा मेंबर येऊन ओट्यावर उभा राहिला आणि उद्योगाचा विकास, शहराचा विकास असलं बोलून, पाणी पिऊन गेला. मी मात्र त्याच दिवशी धोतर बदललं. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण सही येते. म्हटलं, आता बघतोच नरसय्याला!

कचेरीत चष्मेवाला एक कारकून होता. मी म्हटलं, "शेजाऱ्याच्या मागांचा त्रास हाय."

"शेजाऱ्याचा सर्व्हे नंबर?"

"माझाच माहीत न्हाय, त्याचा कुटनं माहीत असणार?"

त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडं मान केली. हा एवढा मोठा नकाशा! पिवळा रंग, जांभळा रंग, मुंग्यांएवढे आकडे. त्यानं आमची गल्ली शोधून दिली. म्हणाला, "हा गोल म्हणजे तुमच्या गल्लीतला आड. आता त्याच्या घरावर बोट ठेवा."

सोपं काम! आडाला पाठ करून घरांकडं तोंड केलं की नरसय्या डाव्या हाताला, मी उजव्या हाताला. चाळीस वर्षं बघतोय. मी गोलाखालच्या डाव्या घरावर बोट दाबलं. असं दाबलं की कागद चुरगळला.

"हेच का? नक्की?"

"आंधळा दिसतो काय मी?"

त्यानं नंबर लिहिला, मी सही ठोकली. येताना छाती अशी फुगली होती म्हणता!

पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर आला, थेट माझ्या दारात. मला वाटलं, तक्रार नीट ऐकायला आला. त्या दिवशी विजेची सुट्टी होती. सगळ्या गल्लीचे माग बंद. नरसय्या बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलेला.

"माग किती आहेत?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"चार. बसा की साहेब."

"सुरू किती वाजता होतात?"

"सहाच्या ठोक्याला. चहा टाकतो."

"चहा नको. माग दिसत नाहीत कुठं?"

"आज सुट्टी हाय. त्या भिंतीला कान लावला तर उद्या सकाळी कळंल. उद्याच या, तांब्या चालताना दाखवतो!"

तो लिहीत होता. आता खरं सांगू का? चार वर्षांत माझ्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. तो उठायला लागला की मी नवीन काहीतरी काढायचो. खुंटीवरचा गिरणीतला जुना धोटा, आडवा धागा फिरवतो तो, काढून त्याच्या हातात दिला. धागा तुटला तर कसा जोडायचा ते दाखवलं. गिरणीतला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, मला कसा घाबरायचा तेही सांगितलं.

"म्हणजे माग तुम्ही स्वतः चालवलेत?"

"चालवलेत? बत्तीस वर्षं! झोपेत चालवीन!"

त्यानं तेही लिहून घेतलं. आतली खोली बघू म्हणाला, तर मी म्हटलं, आधी दुसरा कप. दुसरा कप संपला आणि त्याला पुढं दुसरीकडं जायचं होतं, तो गेला. मी दारात उभा राहून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. चार वर्षांत पहिल्यांदा दोन कपबशा विसळल्या.

आठवड्यानं कागद आला, शिक्क्याचा. मी तो मिरवत रशीदच्या टपरीवर नेला. चार माणसं होती तिथं. बरंच झालं म्हटलं. "वाच मोठ्यानं! नरसय्याचं काय ठरलं ते सगळ्यांस्नी कळू दे!"

रशीदनं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. पुन्हा वाचलं. मग मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"तात्या, ये नोटीस तुमकूच है."

"व्हय, मलाच येणार. अर्जदार मी हाय."

"अर्जदार भी तुम. और माग भी तुम्हारेच. तुम्हारे घर के चार माग हलाने कू बोले. सुनावणी गुरुवार कू है." आणि मग तो खोखो हसत म्हणाला, "तात्या, दुनिया दुसरे के ऊपर अर्जी देती. तुम खुद के ऊपरच ठोके क्या बे?"

टपरीवर जे हसू फुटलं! एकानं तर बाकड्यावर लोळण घेतली. मी कागद हिसकावला आणि तरातरा कचेरी गाठली. चष्मेवाल्यानं शांतपणे नकाशा दाखवला. "आजोबा, तुम्ही आडाकडनं घराकडं बघता. नकाशात आभाळातनं बघायचं असतं. तुमचं डावं ते इथं उजवं."

आभाळातनं! मी काय घार आहे?

संध्याकाळी नरसय्या दारात आला. तो हसत नव्हता. "तात्या, बोट कुणाच्या घरावर ठेवायचं होतं?"

मी खाली बघितलं. आणि हळूच दार लोटून घेतलं.

दर शुक्रवारी लक्ष्मव्वा वाटीभर चिंचेचं सार पाठवायची. वर कोथिंबीर. मी 'आंबट हाय' म्हणून नावं ठेवून संपवायचो. त्या शुक्रवारी वाटी आली नाही. शनिवारी सकाळी मी भिंतीवर काठी हाणली. माग थांबले नाहीत. हाक आली नाही. रविवारी पुन्हा हाणली. सोमवारी तर पाच वेळा. आवाज चालू, उत्तर बंद. तिसऱ्या दिवसाअखेर मला एवढं कळलं की मला कुणी जिवंत हाय का म्हणून विचारणारं उरलं नाही. आणि उद्या खरं घर दाखवलं तर नरसय्या जाणार, मागांसकट.

म्हणून मी ठरवलं. बोट चुकलं हे सांगायचंच नाही.

गुरुवारी मोठ्या साहेबापुढं उभा राहिलो. मागं सगळी गल्ली तमाशा बघायला आलेली.

"तक्रारदार कोण?"

"मी."

"मागांचा मालक?"

"मीच."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तुमचा तुम्हालाच त्रास होतो?"

"होत होता साहेब. आता मिटलं आमचं."

"कुणाचं?"

"आमचं दोघांचं. माग ऱ्हाऊ द्या तितंच. तक्रारदाराची काय हरकत न्हाय, मालकाची पण न्हाय."

कचेरी हसायला लागली. साहेबसुद्धा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. मी मनात म्हटलं, जिंकलास तात्या! तेवढ्यात मागनं आवाज आला.

"साहेब! माग माझे हायत!"

नरसय्या. हातात कागदांचं भेंडोळं. साहेबापुढं येऊन म्हणाला, "साहेब, माझं नाव प्लॉटच्या यादीत आलंच न्हाय. मला प्लॉट पाहिजे. हितं हात हलवायला जागा न्हाय. तिकडं मी आठ माग लावीन." मग माझ्याकडं वळला. "तात्या, भिंत बडवून भागलं न्हाय, आता माझा प्लॉट पण खायलाव काय?"

मी म्हटलं, "मला... मला काय करायचाय प्लॉट!"

"मग माझे माग तुमचे कशाला म्हणायलाव?"

 काय सांगणार होतो? एवढ्या लोकांत, 'जाऊ नकोस रे' असं म्हणायचं? ते मला पोटच्या पोरालाही म्हणता आलं नव्हतं. मी म्हटलं, "माझा तांब्या सरकतो की त्यानं."

साहेबानं विचारलं, "हे लिहायचं का?"

"नको," मी म्हटलं.

नरसय्या माझ्याकडं बघत राहिला. त्याला काहीतरी उमगलं असावं. नजर जरा मऊ झाली. पण प्लॉट तो प्लॉट. साहेबानं नंबर दुरुस्त केला, नाव दुरुस्त केलं, शिक्का मारला. माझ्या एका बोटानं अडलेला विकास पाच मिनिटांत सुटला.

महिन्याभरात गल्लीतले बाकीचे माग हलले आणि शेवटी नरसय्याच्या दारात ट्रक आला. माग सुटे करून चढवले. त्यातला एक अडकला, तर मीच जाऊन नट सोडवून दिला, बत्तीस वर्षांचा हात. लक्ष्मव्वा जाताना म्हणाली, "येत जावा तात्या तिकडं. सार करते."

"आंबट करतीस तू," मी म्हटलं.

"मग येऊ नका!" असं म्हणून पदरानं डोळे पुसत ती ट्रकमध्ये चढली. नरसय्यानं घराला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. गल्ली गप्प. अशी गप्प की मला माझंच नाक ऐकू यायला लागलं. संध्याकाळी फळीकडं बघितलं. तांब्या जिथं ठेवला तिथंच. दुसऱ्या दिवशी तिथंच. आठ दिवस झाले, त्याच्या बुडाखाली धूळ साचली नाही एवढंच. भोवतीनं साचली. एकदा काठी घेऊन भिंतीवर तीनदा हाणली. पलीकडची रिकामी खोली तेवढी घुमली. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "काय वो तात्या, जिवंत हाय न्हवं?" आणि रस्त्यानं जाणारी एक बाई दचकून पळाली.

पंधराव्या दिवशी पुन्हा धोतर बदललं. पुन्हा कचेरी. पुन्हा तोच चष्मेवाला. मला बघून त्यानं हातातला चहा बाजूला ठेवला.

"आजोबा, आता काय? आवाज येतो का अजून?"

"न्हाय. तीच तक्रार हाय. आवाज येत न्हाय."

"शांततेविरुद्ध अर्ज घेत नाही आम्ही."

"हरकत असंल त्यानं अर्ज करावा असं भोंग्यावर तुमीच सांगितलं होतं. माझी हरकत हाय. घ्या लिहून."

त्यानं कपाळाला हात लावला. वेड्याला वाटेला लावायचं म्हणून नकाशाकडं बोट केलं. "बरं, त्रास कुठल्या घराचा? दाखवा."

मी नकाशापुढं गेलो. ह्या वेळी घाई नाही केली. गोल बघितला, आड बघितला, डावं-उजवं दोनदा फिरवून घेतलं, अगदी घारीसारखं आभाळातनं बघितलं. आणि मागच्या खेपेला कागद चुरगळला होता बरोबर त्याच जागी बोट ठेवलं.

चष्मेवाला म्हणाला, "अहो आजोबा, परत तेच! हे तुमचंच घर आहे की!"

"व्हय," मी म्हटलं. "ह्या खेपेला बघूनच ठेवलंय."