चीनचाचांची मध्यस्थी

चीनचाचा कुणाच्या घरात शिरत नसत. कितीही आग्रह करा, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलायचे. "आत गेलं की आपण त्या घरचे होतो," म्हणायचे. नळदुर्गच्या पेठेत त्यांचं सुई-दोऱ्याचं दुकान होतं आणि मागं एकट्याची चूल. बायको-मुलं नव्हती.

तरुणपणी ते हाँगकाँगला एका गोऱ्या कंपनीच्या दारावर पहारेकरी होते, म्हणून हे नाव. चिनी लोकांनी इंग्रजांच्या मालावर बहिष्कार घातला तेव्हा गोदीत चिटपाखरू नव्हतं म्हणे. तो उठवायची बोलणी चाचांनी दाराबाहेरून पाहिली होती. "साहेब म्हणायचा, तुम्ही माझ्याकडं या. चिनी म्हणायचा, तुम्ही या. लई दिवस नुसतं तेच!" हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडेही तेढ आली. कसल्याशा भांडणावरून शेतकऱ्यांनी पेठेतल्या मुसलमान दुकानांवर बहिष्कार घातला. दुकानदारांनीही त्यांचं धान्य घेणं थांबवलं. आठवडी बाजार बंद पडला. चाचांना खायची ददात नव्हती, पण बाजाराच्या दिवशीच काय ती माणसं त्यांच्याशी चार शब्द बोलत. "हप्त्यातून एकदा माझं घर भरतंय, ते बी गेलं," ते माझ्या वडिलांना म्हणाले. 

मग चाचांनी दोन्हीकडे खेटे घातले. दारोदारी शिव्या खाल्ल्या. अखेर दोन्हीकडचे म्होरके बोरी नदीकाठच्या गायरानात बसायला तयार झाले. पाणी ज्यानं त्यानं आपल्या घरून आणायचं, हेही चाचांनीच ठरवलं, म्हणजे कुणाच्या हातचं प्यायचा प्रश्नच नको. दिवस कलता कलता समेट झाला. पण पुन्हा पेठेत पाऊल टाकायला शेतकरी राजी होईनात. म्हणून बाजारही गायरानातच भरायचं ठरलं, एका रांगेत शेतकरी, समोरच्या रांगेत दुकानदार.

बाजार गजबजला आणि पेठ ओस पडली. मी म्हणालो, "चाचा, तुम्हीही तिकडं पाल ठोका की."

"कुठल्या रांगेत?" ते म्हणाले. "ह्यांना वाटतंय मी त्यांचा, त्यांना वाटतंय ह्यांचा. मधून गिऱ्हाइकं चालत्यात. तिथं दुकान मांडता येत न्हाय."

मला गावाचा राग यायचा. चाचांना कधी आला नाही. बाजाराच्या दिवशी ते नेमानं फळ्या काढून बसत. गायरानातला गलका पेठेपर्यंत यायचा.

"ऐक," ते म्हणायचे, "भांडत न्हाईत."

आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे.