जर्मनीतल्या गावाची गाय

लोणारचं स्थळ आमच्या बाबाले मंजूर नव्हतं. मुलगा शाळामास्तर, घरचा मिरचीचा मळा, सगळं बरं. पण गाव खड्ड्याच्या काठावर. "अख्खी जमीन खचली तिथं. पुन्हा खचणार नाही कशावरून? पोरगी खड्ड्यात घालू काय?" मले तर चहा देतानाच मास्तर आवडला होता. पण मले कोण विचारते!

दुसऱ्या खेपेले हा पठ्ठ्या मेहकरच्या एस.टी.तून चक्क जर्मन साहेब घेऊन उतरला. साहेब लोणारचे दगड तपासायले आलेला, मास्तर त्याचा दुभाषी. साहेबाचं गावच म्हणे असल्या खड्ड्यात वसलेलं, शेकडो वर्षांपासून. म्हणजे साक्षीदारच आणला की!

बाबांनी स्थळाची करतात तशी त्या गावाची चौकशी मांडली. पाणी? नदी आहे, गोड. घरं? लाल कौलांची, भोवती गोल तटबंदी, मधोमध उंच देऊळ. "चोराचिलटाचं भय?" साहेबानं रंगून गोष्ट सांगितली. मास्तर म्हणे, "वैऱ्यानं वेशीचा पहारेकरी फितवला, त्यानं दार उघडं ठेवलं. तर एका गायीनं दाराले अंग घासलं, दार हललं, एका बाईनं पाहून बोंब मारली. गाव वाचलं. तवापासून रोज रात्री देवळावरून राखणदार हाळी देते."

बाबांनी बसल्या जागी त्या गायीले हात जोडले.

मी दाराआड होते, अन् मॅट्रिक पास होते. साहेब इंग्रजीत डुक्कर म्हणाला होता.

शेवटी बाबांनी विचारलं, "तिथं दिलेली पोरगी कधी माहेरी परत गेली काय?" साहेबाचा चेहरा उतरला. त्याची स्वतःचीच बायको आईकडं निघून गेली होती, कायमची. बिचारा बराच वेळ सांगत राह्यला. मास्तर खाली बघून म्हणे, "नाही म्हणतात. एकबी नाही."

मी एक शब्द बोलले असते तर सगळं मोडलं असतं. पदर तोंडात कोंबून गप्प राह्यले. साहेबाचं वाईट वाटलं, पण माझ्यासाठी भर बैठकीत इतकं रेटून खोटं बोलणारा दुसरा कुठून आणू? बाबांनी साखर वाटली. साहेबाच्याही हातावर ठेवली. त्याले वाटलं, आपलं सांत्वन चाललं आहे. त्यानं बाबाले मिठीच मारली.

लग्नानंतर पहिल्याच भांडणात मी गाठोडं बांधलं. मास्तर दारात आडवे आले. "खड्ड्यात दिलेली पोरगी परत जात नसते."

"साहेबाची तर गेली नं."

ते मटकन खालीच बसले. "तुले तवाच समजलं होतं?"

"डुकरापासून," म्हटलं, अन् गाठोडं सोडायले बसले.