‘उनाड’चा पहिला खेळ

झरीच्या बानूबाईनं नवऱ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. लपवणार तरी कुठं? वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ, मुक्काम एका पालात, चूल एक, पांघरूण एक. तिच्या हयगयीनं कोकरू दगावलं तेव्हा तिनंच आधी येडबाला सांगितलं होतं. भाऊ दारूला लागला, तेही तिनंच. येडबा तापट माणूस. ऐकलं की भडकायचा, काठी आपटायचा, लांब बांधावर जाऊन बसायचा, आणि भूक लागली की काही न झाल्यासारखा परत यायचा.

म्हणूनच अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात, परभणीच्या एका बंद कापूस-जिनिंगच्या आवारात, नवरा शेजारी बसलेला असताना तोंड दाबून बसायची वेळ आली, ती बानूबाईला पुढं कितीतरी वर्षं सलत राहिली.

तिचा थोरला, पंडित, मेंढरांत रमला नाही. परभणीत शिवण शिकला, मग औरंगाबादेत कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करून आला, आणि आला तो डोक्यात भलतंच घेऊन. शर्ट-पँट, सफारी तर सगळेच शिवतात. आपण रिक्षावाल्यानं, हमालानं, कॉलेजच्या पोरानं रस्त्यावर मिरवावेत असे कपडे काढायचे, आणि तेही इथल्याच मालाचे. घोंगडीचा आखूड कोट. पोत्याच्या तागाचं जाकीट. ताडपत्रीचे खिसे लावलेली ढगळ पँट. आणि प्रत्येकाच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: ‘उनाड’.

ती अक्षरं काढायचा सिताराम. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, पंडितच्याच वयाचा, धंद्यात निम्म्याचा भागीदार. अठ्ठ्याहत्तर साली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या ठरावावरून पहिली दंगल झाली, तेव्हा खेड्यातलं त्याचं घर जाळलं होतं. आईबाप त्याला घेऊन परभणीत आले ते परत गेलेच नाहीत. पंडित, त्याची बायको सुमन आणि सिताराम तिघं दुकानात एकाच डब्यातलं खायचे. हे झरीत सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

पंडित एकदा रानात आला आणि आईला म्हणाला, “नुसतं दुकान उघडून भागायचं न्हाई, माय. लोकायनी कपडे अंगावर बघाय पायजेत. मुंबईला करतेत तसं. माणसं कपडे घालून लोकायम्होरं चालतेत.”

“नुसतंच चालतेत?”

“नुसतंच.”

“अन् लोकं ते बघाय येतेत?”

“येतेत की.”

बानूबाई हसली होती. पण त्यातलं सगळंच हसण्यासारखं नव्हतं. पंडितला हा खेळ भर स्टेशन रोडवर करायचा होता. रस्त्यावरचे कपडे रस्त्यावरच दिसावेत, असं त्याचं म्हणणं. पण त्या दिवसांत शहरात नामांतराच्या बाजूचे आणि विरोधातले मोर्चे लागोपाठ निघत होते. चार माणसं एका जागी जमली की पोलिसांचा जीव वरखाली व्हायचा. रस्त्यावर परवानगी मिळाली नाही. शेवटी बंद पडलेल्या जिनिंगचं आवार मिळालं, तेही दिवसाउजेडी, आणि फाटकावर शिपाई उभे करून.

माणिकरावांना पंडितनं स्वतः आमंत्रण दिलं. ते झरीतले मोठे जमीनदार. कापूस निघाला की त्यांच्या रानात येडबाची मेंढरं बसायची. त्यांच्या जमिनीला खत व्हायचं, येडबाला ज्वारी नि चारा मिळायचा. लेकराच्या दुकानाचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर ते आपल्या जीपमधूनच येडबा-बानूबाईला घेऊन निघाले.

“येडबा, दुकानाचं नाव काय म्हन्लास?” त्यांनी वाटेत विचारलं.

“उनाड.”

“पोराला दुसरं न्हाई गावलं?” माणिकराव हसले. मग थोडं थांबून म्हणाले, “अन् त्या पाटीवाल्याची भागी हाय म्हणं.”

“आसंल,” येडबा बाहेर बघत म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं.”

बानूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला सगळं कळत होतं.

आवारात पोचल्यावर येडबा माणिकरावांबरोबर पुढच्या खुर्च्यांवर बसला. बानूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन मागं गेली. तिथं पोती जोडून पडदा केला होता. पडद्याआड सगळे गप्प होते. रिक्षावाले, हमाल, दोन कॉलेजची पोरं, सगळे नवे कपडे घालून भिंतीला टेकून उभे. पंडित कपाळाला हात लावून बसला होता. सिताराम हातातला ब्रश उगाच पुसत होता.

“काय झालं रे?”

“बायना गेली, माय.”

बायना ही कॉलेजातली मुलगी. घोंगडीचा सगळ्यात चांगला कोट तिच्या मापानं कापलेला होता, आणि खेळाच्या शेवटी ती एका टोकाकडून नि सिताराम दुसऱ्या टोकाकडून चालत यायचे, मधोमध एकमेकांना ओलांडून पुढं जायचे, असं ठरलं होतं. थोड्या वेळापूर्वी तिचा भाऊ आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला.

कोट खिळ्याला लटकत होता. सुमन त्याच्याजवळ उभी होती. ती एकदम म्हणाली, “आत्या, मी घालू का?”

बानूबाईला आधी नीट उमगलंच नाही. मग उमगलं. झरीची सून. पँट घालून. उघड्या डोक्यानं. सासऱ्यासमोर, माणिकरावांसमोर, आणि पलीकडून येणार सिताराम.

“पंड्या, तू काय म्हणतोस?”

“तिची मर्जी हाय. मी आडवणार न्हाई. पण बा...”

“वैनी, ऱ्हाऊ द्या,” सिताराम मधेच म्हणाला. “मी चालतो एकटाच. न्हाईतर शेवटचं करूच नका. उगं कशाला.”

“तुमी थांबा, भावजी,” सुमन म्हणाली. “मी आत्याला इचारायलेय.”

सुमनची नजर खाली गेली नव्हती. या पोरीनं रात्रंदिवस त्या कोटांना काजं केली होती, बोटांना सुया टोचून घेतल्या होत्या. बानूबाईनं खिळ्यावरचा कोट काढला आणि तिच्या हातात दिला.

“पंड्याच्या बाला मी सांगते,” ती म्हणाली आणि बाहेर आली.

येडबाच्या डाव्या अंगाची खुर्ची तिच्यासाठी ठेवली होती. उजवीकडं माणिकराव. ती बसली. कुजबुजून सांगायचं तर वाकावं लागणार होतं, आणि वाकली असती तर माणिकरावांना ऐकू गेलं असतं. तिनं कोपरानं येडबाला डिवचलं. “आवं, ऐका जरा.”

“काय?”

“येडबा,” माणिकराव त्याच वेळी म्हणाले, “हे शिपाई कशाला आणून ठिवलेत रे? इथं काय दंगा होणार हाय का काय?”

येडबा तिकडं वळला. ते दोघं बोलत राहिले. बोलणं संपलं तेव्हा येडबानं परत तिच्याकडं तोंड केलं. “काय म्हनत हुतीस?”

हीच वेळ होती. माणिकराव पानाचा डबा उघडण्यात गुंतले होते. बानूबाईचं तोंड उघडलंही. पण येडबाला सांगितलं की तो उठणार, पडद्याआड जाणार, पोरीला सगळ्यांदेखत बाहेर ओढणार. तिला सगळं डोळ्यांपुढं दिसलं.

“काई न्हाई,” ती म्हणाली. “ऊन लागायलंय का, म्हन्लं.”

लग्नानंतर ती पहिल्यांदाच नवऱ्याशी खोटं बोलली होती.

टेपवर गाणं सुरू झालं. आवाराच्या मधून फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, त्यांच्यामधून माणसं चालायला लागली. पहिला एक रिक्षावाला, तागाचं जाकीट घालून. मागं उभ्या असलेल्या त्याच्या दोस्तांनी शिट्ट्या मारल्या आणि तो लाजून पळतच निघून गेला. लोक हसले. मग हमाल आले, ते मात्र पोती उचलायला निघाल्यासारखे रुबाबात चालले. माणिकरावही हसत होते. “चांगलं केलंय की पोरानं,” म्हणाले. येडबाचा चेहरा उजळला. बानूबाईला त्याच्याकडं बघवेना. गर्दीच्या कडेला पोरांचं एक टोळकं सिताराम कुठं दिसतो का ते बघत होतं, आपसात काहीतरी बोलत होतं. फाटकावरचा एक शिपाई आत येऊन उभा राहिला होता.

मग सुमन आली.

ओळखायला येडबाला एक क्षण लागला. तेवढ्या क्षणात ती पाच-सात पावलं चालून आली होती. काळा कोट, ढगळ पँट, पाठीवर एकच वेणी. पलीकडच्या टोकाकडून सिताराम निघाला. येडबाचा श्वास अडकलेला बानूबाईनं ऐकला. आणि त्याच वेळी लाईट गेली.

टेप घरघरत बंद पडला. सगळं आवार चिडीचूप. सुमन नेमकी सासऱ्याच्या समोर आली होती. तिची पावलं थांबली. हात आपोआप डोक्याकडं गेला, पदर ओढायला. पदर नव्हता. हात तसाच कानाजवळ राहिला.

“थांबलीस कशाला, म्होरं ये की,” टोळक्यातून कुणीतरी ओरडलं. “गाठ घालून घे त्याच्यासंगं!”

हशा पिकला. सिताराम जिथं होता तिथंच थांबला. तो पुढं आला असता तर बोभाटा झाला असता, मागं फिरला असता तर सुमन तिथं एकटी पडली असती. दोघं एकमेकांसाठी अडकून उभे होते. शिपायानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

बानूबाई उठली.

“खाली बस,” येडबा दातांतून म्हणाला. त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

ती बसली नाही. ओरडलीही नाही. अंगणात कामाला लावताना म्हणावं तशी म्हणाली, “सुमन, चाल म्होरं. सिताराम, बाबा, तू बी ये. थांबू नका.”

दोन्ही नावं तिनं एका दमात घेतली. सगळ्यांनी ऐकली.

सुमननं हात खाली घेतला आणि पाऊल टाकलं. सिताराम चालायला लागला. गाणं नव्हतं, नुसता मातीवर पावलांचा आवाज. दोघं मधोमध आले, बाजूनं गेले, पुढं निघाले. मागच्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. टोळकं अजून काहीतरी बरळत होतं, पण शिपाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिल्यावर पांगलं. मग लोक उठून कपडे चाचपायला पडद्याकडं गेले, नि खेळ तसाच विस्कटत संपला.

माणिकराव शांतपणे उठले. धोतराचा सोगा सावरला. “येडबा,” ते म्हणाले, “उद्या मेंढरं उठव.” आणि जीपकडं गेले.

नवरा-बायको एस.टी.नं परतले. येडबा पुढच्या बाकड्यावर बसला, ती मागच्या. झरी येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढरं उठली. दोन-तीन ठिकाणी नकार ऐकल्यावर पोखर्णीच्या दत्तरावांनी आपलं रान दिलं. रान हलकं होतं, पाणी लांब होतं, आणि बानूबाईला रोज दोन खेपा जास्त कराव्या लागायच्या. तिनं तक्रार केली नाही. येडबा कामापुरतं बोलायचा. भडकला असता, काठी आपटली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

फाल्गुनात लोकर कातरताना, ती मेंढीचे पाय धरून बसलेली असताना, तो अचानक म्हणाला, “तुला कवा कळलं हुतं?”

“खेळाच्या आधी.”

“म्हंजी खुर्चीवर बसलीस तवा ठावं हुतं.”

“हो.”

“मी इचारलं. तू म्हन्लीस, ऊन लागायलंय का.”

येडबानं कातर थांबवली.

“पोरीनं घातलं, चालली. ते जाऊ दे. मी आडवलं असतं, ते बी खरंय. पण त्या आवारातल्या सगळ्यायला अन् मला एकदमच कळलं, बाने. मी तुझ्या शेजारी बसलो हुतो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तिला जास्त लागलं. चुकलं, असं म्हणावं तर सुमनला कोट दिल्याचा तिला पस्तावा नव्हता. चुकलं नाही म्हणावं, तर समोर हा माणूस बसलेला.

“पुन्यांदा तसली येळ आली तर आधी तुमाला सांगीन,” ती शेवटी म्हणाली. “पण तुमी आडवलंत तर ऐकायची न्हाई.”

“पाय नीट धर,” येडबा म्हणाला. “हालायलीय ती.”

घोंगडीचे कोट फार खपले नाहीत. अंगाला टोचतात, म्हणायचे लोक. खिशांची पँट मात्र रिक्षावाल्यांनी उचलली, आणि दुकान तिच्यावर उभं राहिलं. पुढं गुडघे धरले तशी बानूबाई पोराकडं परभणीत राहायला आली. येडबा मधूनमधून यायचा. दुकानात फारसा बसायचा नाही, बाहेर ओट्यावर टेकायचा.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली, तेव्हा तो तिथंच होता. रस्त्यावर धडाधड शटर पडायला लागली. कुठं दगडफेक झाली, कुठं बस फोडली, नुसत्या अफवा. सिताराम पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला आणि तिथंच थबकला, आत यावं की नाही ते त्याला ठरवता येईना. पंडित शटर ओढायला धावला.

येडबानं ओट्यावरून उठून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग सितारामच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेतलं.

“अर्ध्यावर ठिव,” तो पंडितला म्हणाला. “सुमन बाजारात गेलीय. ती येऊ दे, मग लाव.”

आणि तो पुन्हा ओट्यावर, शटरच्या बाहेर, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसला. बानूबाई आतून त्याच्या पाठीकडं बघत राहिली.